जनाची नाही, मनाची : तायक्वांदोच्या पॅटर्नमागचा इतिहास आणि नीती

"सर, बत्तीसच का? तीसवर थांबलो असतो तर चाललं नसतं का?"

हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. यंदा विचारणारी अकरा वर्षांची होती. निळा पट्टा नुकताच कमरेला आलेला, 'जुंग-गन' हा बत्तीस हालचालींचा पॅटर्न तिसऱ्यांदा करून धाप लागलेली. दमलेल्या मुलीचा प्रश्न होता, पण उत्तर द्यायला बसलो आणि अर्धा तास गेला. तेच उत्तर इथे जरा सविस्तर लिहितो आहे. तायक्वांदो म्हणजे उंच लाथा आणि रंगीत पट्टे एवढंच ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांची मुलं वर्गाला जातात त्या आईबाबांसाठीही.

जुंग-गन हे एका माणसाचं नाव आहे. २६ ऑक्टोबर १९०९ रोजी मांचुरियातल्या हार्बिन रेल्वे स्थानकावर आन जुंग-गन यांनी इतो हिरोबुमीवर गोळ्या झाडल्या. इतो हा जपानचा माजी पंतप्रधान आणि कोरियावर नेमलेला पहिला रेसिडेंट-जनरल, म्हणजे जपानचा तिथला मुख्य अधिकारी. आन पकडले गेले, लुशुनच्या न्यायालयात त्यांच्यावर खटला चालला आणि २६ मार्च १९१० रोजी त्यांना फाशी झाली. तेव्हा त्यांचं वय ३२ होतं, म्हणून पॅटर्नमध्ये ३२ हालचाली.

हिशेबाला पक्का असलेला वाचक इथे अडेल. आन यांचा जन्म सप्टेंबर १८७९ चा, म्हणजे फाशीच्या वेळी तिशी उलटून काही महिनेच झाले होते. पण जुन्या कोरियन मोजणीत मूल जन्मतःच एक वर्षाचं धरतात आणि प्रत्येक नव्या वर्षाला सगळ्यांचंच वय एकाने वाढतं. त्या हिशेबाने ३२ बरोबर बसतं. म्हणजे त्या आकड्यात आन यांचं वय तर आहेच, शिवाय वय मोजण्याची त्या लोकांची रीतही आहे.

आमचा वर्ग ठाण्यात भरतो, त्यामुळे पुढची गोष्ट मला मुलांना सांगावीच लागते. हार्बिननंतर बरोबर आठ आठवड्यांनी, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. लुशुनच्या फाशीनंतर चोवीस दिवसांनी. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, कुणाला कुणाचं नावही माहीत नसावं. पण हे सांगितलं की मुलांच्या डोळ्यांपुढे तो काळ उभा राहतो. आपल्याकडे हुतात्म्यांची नावं चौकांना, शाळांना, पुतळ्यांना मिळतात. कोरियातही पुतळे आहेतच. त्याच्या जोडीला तिथल्या एका पिढीने आणखी एक केलं. हुतात्म्याचं वय मोजून तेवढ्या हालचाली बांधल्या आणि त्या मुलांच्या अंगात उतरवायची सोय केली.

पॅटर्न म्हणजे काय

समोर कुणी नसताना, ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या दिशांना केलेल्या अडवणुकी, ठोसे आणि लाथा, म्हणजे पॅटर्न. कोरियन भाषेत याला तीन शब्द आहेत आणि कोण कुठला वापरतो यावरून त्याचं घराणं ओळखता येतं. इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशनच्या परंपरेत 'तुल' म्हणतात. ऑलिंपिकमधलं तायक्वांदो ज्या घराण्याचं, त्या सोलच्या कुक्कीवॉन या मुख्यालयाच्या परंपरेत 'पुमसे'. तांग सू दो सारख्या जुन्या शाखांमध्ये 'ह्यंग'. मी तुल शिकलो, तोच शिकवतो, म्हणून या लेखात त्याच्याबद्दल जास्त येईल.

आपल्याकडे याला जवळची गोष्ट शोधायची तर मला बंदिश आठवते. बंदिश म्हणजे राग नव्हे, पण राग बंदिशीतूनच एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जातो. गुरूने दिलेली बंदिश आधी जशीच्या तशी म्हणायची, वर्षानुवर्षं म्हणायची, मग तिच्यातल्या जागा कळायला लागतात. पॅटर्नचंही तसंच आहे. मारामारी कशी करायची ते पॅटर्न सांगत नाही. पवित्रा कसा घ्यायचा, वजन कुठे ठेवायचं, वळताना नजर आधी जाते की पाय, ठोसा सुटताना दुसरा हात काय करतो, हे सगळं तो बांधून ठेवतो. त्यातलं निम्मं शब्दांत सांगताच येत नाही.

पहिला तुल 'छॉन-जी', म्हणजे आकाश आणि पृथ्वी. यात १९ हालचाली आहेत. सुरुवातीला डावीकडे वळायचं, खालचा मार अडवायचा, एक पाऊल पुढे टाकून ठोसा. मग पूर्ण मागे वळून तेच. अशा चार दिशा झाल्या की आठ हालचाली होतात. त्यानंतर पवित्रा बदलतो, वजन मागच्या पायावर जातं, अडवणूक छातीच्या उंचीवर येते आणि पुन्हा चार दिशांना आठ हालचाली. शेवटी एक पाऊल पुढे, दोन पावलं मागे, प्रत्येक पावलाला ठोसा. आठ, आठ आणि तीन. जमिनीवर पावलांची रेघ काढली तर अधिकाचं चिन्ह उमटतं.

आता यातली खरी मेख. नियम असा की पॅटर्न जिथे सुरू झाला त्याच जागी संपला पाहिजे. पुढच्या पवित्र्यात दोन पायांमधलं अंतर खांद्याच्या रुंदीच्या दीडपट हवं. एका दिशेला ते चार बोटं कमी पडलं आणि उलट्या दिशेला बरोबर पडलं, तर शेवटी तुम्ही चार बोटं बाजूला उभे असता. मी वर्गात फरशीवर खडूने फुली काढतो. मुलं फुलीवर उभी राहून सुरू करतात, पॅटर्नभर खाली बघायचं नाही, आणि संपल्यावर पायाखाली बघायचं. फुली दिसली तर एकोणीसच्या एकोणीस पावलं सारखी पडली. नाही दिसली तर कुठे चुकलं ते आपणच शोधायचं. या फुलीकडे मी पुढे परत येणार आहे.

हे पॅटर्न किती जुने?

या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं पाहिजे, कारण बऱ्याच वर्गांच्या माहितीपत्रकावर 'दोन हजार वर्षांची प्राचीन परंपरा' असं छापलेलं असतं. गोगुर्यो या जुन्या कोरियन राज्याच्या काळातल्या एका थडग्याच्या भिंतीवर समोरासमोर उभे असलेल्या दोन माणसांचं चित्र आहे, ते पुरावा म्हणून दाखवतात. कोरियात युद्धकला फार जुन्या आहेत यात शंकाच नाही. राजा जॉंगजो याच्या आज्ञेने १७९० मध्ये तयार झालेल्या सचित्र ग्रंथात २४ युद्धप्रकार नोंदलेले आहेत, त्यात भाले, तलवारी, घोड्यावरचे प्रकार आणि हातांनी लढायचंही आहे. तेक्क्यॉन ही पायांची खेळकर, डोलणारी कला टिकून राहिली आणि २०११ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली.

पण आज मुलं करतात ते पॅटर्न त्या थडग्यातून आलेले नाहीत. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. त्या काळात जपानमध्ये शिकायला गेलेले काही तरुण कोरियन कराटे शिकून परतले आणि १९४० च्या दशकाच्या मध्यापासून सोलमध्ये त्यांच्या तालमी उभ्या राहिल्या. तिथे शिकवले जायचे ते पॅटर्न ओकिनावा आणि जपानचेच होते, नावं फक्त कोरियन उच्चाराची. तांग सू दो मधले पाच 'प्यंग-आन' आजही तेच आहेत. ११ एप्रिल १९५५ रोजी 'तायक्वांदो' हे नाव ठरलं. ज्यांच्या पुढाकाराने ते ठरलं ते जनरल चोई हाँग-ही स्वतः जपानमध्ये शोतोकान कराटे शिकलेले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे २४ तुल बांधले, दिवसाचे जसे २४ तास. चोई यांच्या टोपणनावावरून त्या मालिकेला 'छांग-हॉन' म्हणतात. पुमसेच्या घराण्याने आपले 'तेगुक' पॅटर्न त्याहून नंतर बांधले. ते आठ असून आकाश, सरोवर, अग्नी, गर्जना, वारा, पाणी, पर्वत, पृथ्वी अशा आठ चिन्हांवर बेतलेले आहेत. त्यातली चार चिन्हं दक्षिण कोरियाच्या झेंड्याच्या चार कोपऱ्यांत दिसतात. काळ्या पट्ट्यातला त्यांचा शेवटचा पुमसे 'इल्यो', त्याची जमिनीवरची आकृती म्हणजे बौद्ध परंपरेतलं स्वस्तिक.

एकूण काय, जुंग-गन हा पॅटर्न बांधणाऱ्यांनी तो ज्या साच्यात बांधला तो साचा जपानकडून आलेला होता, आणि त्यात नाव घातलं ते जपानी सत्तेविरुद्ध फासावर गेलेल्या माणसाचं. मला ही गोष्ट प्राचीनतेच्या दाव्यापेक्षा कितीतरी मोठी वाटते. ज्यांनी राज्य केलं त्यांचीच विद्या घेऊन तिच्यात आपली माणसं बसवली. ती लपवायची काय गरज?

नावांची शाळा

नवव्या गुपपासून (गुप म्हणजे काळ्या पट्ट्याआधीच्या पायऱ्या) काळ्या पट्ट्यापर्यंत मूल नऊ तुल शिकतं आणि नकळत कोरियाच्या इतिहासातून चालत जातं. युल-गोक आणि त्वे-गे हे सोळाव्या शतकातले दोन विद्वान. युल-गोकमध्ये ३८ हालचाली, कारण त्यांचं जन्मस्थान अडतिसाव्या अक्षांशाजवळ. त्वे-गेमध्ये ३७, तेही तसंच. दक्षिण कोरियाच्या हजार वॉनच्या नोटेवर त्वे-गे आहेत, पाच हजारच्या नोटेवर युल-गोक, आणि पन्नास हजारच्या नोटेवर युल-गोक यांच्या आई, चित्रकार शिन साइमदांग. लाथाठोशांच्या विद्येत दोन पंडितांची नावं असणं मुलांना आधी विचित्र वाटतं. मग कळतं की इथे वीर म्हणजे फक्त तलवारवाला नाही. से-जोंग या तुलमध्ये तर हालचाली २४ आहेत, कारण त्या राजाने घडवलेल्या कोरियन लिपीत आज २४ अक्षरं आहेत.

काही ठिकाणी पाठ करून घेतलेली माहिती चुकीचीही आहे. वॉन-ह्यो हे भिक्षू. त्यांनी इ. स. ६८६ मध्ये शिल्ला राज्यात बौद्ध धर्म आणला, असं परीक्षेत म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात ६८६ हे त्यांच्या निधनाचं वर्ष, आणि शिल्लाने बौद्ध धर्माला मान्यता दिली ती त्याच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी. वॉन-ह्यो यांनी तो धर्म दरबारातून सामान्य माणसांच्या वस्तीत नेला, हे त्यांचं खरं काम. मी मुलांना दोन्ही सांगतो. परीक्षकाने विचारलं तर काय म्हणायचं ते, आणि खरं काय ते. तोंडपाठ करणं आणि खरं बोलणं यांत एवढी फट राहते, तिचा मला त्रास होतो, आणि तो मुलांपासून लपवावा असं वाटत नाही.

याचं कारण भिंतीवर लिहिलेल्या पाच शब्दांत आहे.

योमची

तुलच्या घराण्यातल्या कुठल्याही वर्गात पाच तत्त्वं म्हणून घेतात. ये-उई म्हणजे सौजन्य, रीतभात. योम-ची. इन-ने म्हणजे सहनशीलता, चिकाटी. कुक-की म्हणजे स्वतःला जिंकणं. आणि पेक-जुल-पुल-गुल, शंभरदा वाकवलं तरी न मोडणारं मन. चार तत्त्वांचं भाषांतर सहज होतं. दुसऱ्याचं करताना आपले वर्ग 'प्रामाणिकपणा' म्हणून मोकळे होतात.

योम-ची हा दोन चिनी अक्षरांचा शब्द. पहिल्यात निर्लोभ, स्वच्छ असा अर्थ आहे. दुसऱ्याचा अर्थ सरळ 'लाज'. कोरियन घरात आई मुलाला 'तुला योमची नाही' म्हणते तेव्हा ती त्याला निलाजरा म्हणत असते. मराठीत यासाठी आपल्याकडे तयार बोल आहे : जनाची नाही, निदान मनाची तरी. प्रामाणिकपणाला समोर कुणीतरी लागतं, ज्याच्याशी प्रामाणिक राहायचं. मनाची लाज एकट्या माणसालाही लागते.

आता खडूची फुली. पॅटर्न संपला, मूल एक वीत बाजूला उभं आहे. सर दुसऱ्या रांगेकडे बघताहेत. अशा वेळी डाव्या पायाचा अंगठा हळूच सरकतो, मग टाच, आणि दोन सेकंदांत फुली बरोबर पायाखाली येते. लहानपणी मीही हे केलं आहे. सगळेच करतात. त्यात कुणाचं नुकसान होत नाही, गुण जात नाहीत, कुणाला दिसतही नाही. योम-ची शिकायची जागा ती दोन सेकंदं आहे. मी मुलांना ओरडत नाही. एवढंच सांगतो की सरकलेल्या पायाने तुला एक माहिती मिळणार होती, कुठलं पाऊल आखूड पडलं ती, आणि ती तूच पुसून टाकलीस.

चोई यांनी या तत्त्वाचं विवेचन करताना जी उदाहरणं घेतली आहेत ती अगदी वर्गातलीच आहेत. फोडायच्या फळ्या प्रात्यक्षिकाआधीच खिळखिळ्या करून ठेवणारा विद्यार्थी. पैसे देऊन वरचा पट्टा मिळवू पाहणारा. आलिशान हॉल आणि खोटी स्तुती यांच्या आड आपलं कच्चं तंत्र झाकणारा शिक्षक. पट्ट्यांच्या परीक्षांचा ज्यांना अनुभव आहे त्यांना यातलं काहीच परकं वाटणार नाही. आईबाबांना माझं सांगणं असतं की मुलाला तीन महिन्यांत नवा रंग मिळाला नाही म्हणून शिक्षकावर रागावू नका. दर तीन महिन्यांनी न चुकता मिळत असेल, तर मात्र जरा चौकशी करा.

मारायचं कधी, कुणाला

नीतीचा दुसरा धागा याहून फार जुना आहे. शिल्ला राज्यात 'ह्वारांग' म्हणून तरुणांची पथकं होती, त्यांचं नाव एका तुलला आहे. त्यातल्या २९ हालचाली मात्र चोई यांनी उभारलेल्या २९व्या पायदळ डिव्हिजनच्या. सातव्या शतकाच्या सुरुवातीला क्वीसान आणि छुहांग हे दोन तरुण वॉन-ग्वांग नावाच्या भिक्षूकडे गेले आणि आयुष्यभर पाळता येईल असं काही सांगा म्हणाले. ११४५ मध्ये लिहिल्या गेलेल्या कोरियाच्या जुन्या इतिहासग्रंथात हा प्रसंग आहे. भिक्षू म्हणाले, बौद्ध व्रतं दहा आहेत, पण तुम्ही कुणाचे तरी प्रजाजन आहात, कुणाची तरी मुलं आहात, तुम्हाला ती झेपणार नाहीत. तुमच्यासाठी संसारातले पाच नियम सांगतो. राजाशी निष्ठा. आईवडिलांची सेवा. मित्रांशी विश्वास. लढाईत माघार नाही. आणि पाचवा : जीव घेताना निवड करा.

पहिले चार दोघांना लगेच समजले. पाचव्यावर ते अडले. निवड म्हणजे काय? भिक्षूंनी दिलेलं उत्तर मला फार आवडतं, कारण ते उपदेशासारखं नाही, घरातल्या वडीलधाऱ्याने सांगावं तसं आहे. उपवासाच्या सहा दिवशी मारू नका, वसंतात आणि उन्हाळ्यात मारू नका, ही झाली वेळेची निवड. घोडा, बैल, कोंबडी, कुत्रा या पाळलेल्या जिवांना मारू नका, आणि ज्याच्या मांसाचा एक घासही होणार नाही अशा बारक्या जिवाला मारू नका, ही झाली जिवाची निवड. आणि गरजेपुरतंच, जास्त नाही.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. नारळी पौर्णिमा होईपर्यंत होडी समुद्रात घालायची नाही, हा कोळीवाड्याचा नियम याच जातीचा. मासे खाणारेच तो पाळतात. मारणं सोडा असं कुणी म्हणत नाही, पण कधी आणि किती हे मात्र ठरलेलं. वॉन-ग्वांग यांचं मोठेपण मला इथे दिसतं. ज्यांच्या हातात शस्त्र राहणारच आहे त्यांना त्यांनी न पाळता येणारी अहिंसा सांगितली नाही आणि मोकळं रानही दिलं नाही. ते दोन तरुण ६०२ मध्ये शेजारच्या बेक्जे राज्याविरुद्धच्या लढाईत कामी आले. चौथा नियम त्यांनी अक्षरशः पाळला.

उजवीकडची तलवार

आता मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट. काळ्या पट्ट्यातल्या दोन तुलांना दोन सेनापतींची नावं आहेत. गे-बेक हे बेक्जेचे, यू-शिन हे शिल्लाचे. इ. स. ६६० मध्ये ते ह्वांगसानच्या मैदानात समोरासमोर आले. बेक्जेचे पाच हजार, शिल्लाचे पन्नास हजार. पराभव समोर दिसत होता. आपल्यामागे बायकामुलं गुलाम होऊ नयेत म्हणून गे-बेक यांनी निघण्यापूर्वी त्यांना स्वतःच्या हाताने मारलं, असं इतिहासग्रंथ सांगतो. त्याच लढाईत शिल्लाचा सोळा वर्षांचा एक मुलगा त्यांच्या हाती लागला. शिरस्त्राण काढल्यावर वय दिसलं आणि त्यांनी त्याला सोडून दिलं. तो पुन्हा चालून आला. दुसऱ्यांदा त्यांनी त्याचं डोकं उडवलं. बेक्जेने चार चकमकी जिंकल्या आणि शेवटी सगळं सैन्य संपलं.

गे-बेक या तुलची जमिनीवरची आकृती एक सरळ उभी रेघ आहे. कडक लष्करी शिस्तीची खूण. ४४ हालचाली. तो करताना दरवेळी मला त्या घरातला शेवटचा प्रसंग आठवतो आणि अंगावर काटा येतो. मी या माणसाला आदर्श म्हणू शकत नाही. विसरूही शकत नाही.

आणि यू-शिन? ते जिंकले. शिल्लाने चीनच्या तांग साम्राज्याची मदत घेऊन ६६० मध्ये बेक्जे आणि ६६८ मध्ये गोगुर्यो संपवलं, आणि तीन राज्यांचं एक झालं. तुलमध्ये ६८ हालचाली आहेत त्या ६६८ च्या. शाळेच्या पुस्तकात शोभावा असा विजेता. पण या तुलच्या सुरुवातीच्या पवित्र्याचा अर्थ चोई यांनी वेगळाच लावून ठेवला आहे. तलवार डाव्या बाजूने उपसायची असते. इथे ती उजव्या बाजूने उपसल्याची खूण आहे, आणि ती यू-शिन यांच्या चुकीची खूण आहे : राजाची आज्ञा मानून परकी फौज सोबत घेतली आणि आपल्याच लोकांवर चालून गेले.

ज्याच्या नावाने पॅटर्न बांधला त्याचीच चूक पॅटर्नच्या पहिल्याच पवित्र्यात कोरून ठेवायची! ज्या विद्येत 'वरिष्ठांचा मान राखीन' अशी शपथ रोज घेतात, तिथे आज्ञापालन हीच चूक ठरलेली आहे. इतिहासकार म्हणतील की सातव्या शतकात शिल्ला, बेक्जे आणि गोगुर्यो ही वेगवेगळी राज्यं होती, 'आपलेच लोक' ही कल्पना पुष्कळ नंतरची. बरोबर आहे. मला वाटतं, तो पवित्रा सातव्या शतकाबद्दल कमी आणि विसाव्याबद्दल जास्त बोलतो. १९५० ते १९५३ मध्ये कोरियन माणसं कोरियन माणसांवर गोळ्या झाडत होती, दोन्ही बाजूंना परक्या फौजा होत्या, आणि चोई स्वतः त्यातल्या एका बाजूचे सेनाधिकारी होते. त्यांनी ही खूण स्वतःलाही लावून घेतली होती का, ते मला माहीत असायचं कारण नाही. पण ती खूण करताना माझे विद्यार्थी दोन श्वास थांबतात, एवढं मी बघतो.

छुंग-मू हा तुलही असाच बोलका. सोळाव्या शतकात जपानी आरमाराला रोखणारे दर्यासारंग यी सुन-शिन यांचं हे मरणोत्तर नाव. १५९८ मध्ये नोर्यांगच्या लढाईत ते गेले. तिसावी, शेवटची हालचाल डाव्या मुठीचा ठोसा आहे. राजावरच्या निष्ठेने बांधलेला माणूस, ज्याला आपली पूर्ण ताकद दाखवायची संधी मिळालीच नाही, त्याच्यासाठी तो डावा शेवट. उजव्या हाताच्या माणसाला हा पॅटर्न संपवताना काहीतरी अपुरं राहिल्यासारखं वाटतं. तसं वाटावं म्हणूनच तो तसा आहे.

सराव

लढाईत पॅटर्नचा उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. रस्त्यावर कुणी अंगावर आलं तर छॉन-जी करून भागत नाही. त्यासाठी जोडीदाराबरोबरचा सराव वेगळा लागतो आणि तो करावाच. पॅटर्नने अंग घडतं, श्वास आणि ताकद एका ठिकाणी येतात. बाकीचं त्याच्याकडे मागू नये.

स्पर्धांनी आणखी एक वळण दिलं आहे. २००६ मध्ये सोलला पुमसेची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिथल्या पद्धतीत दहापैकी चार गुण अचूकतेला आणि सहा सादरीकरणाला. त्यामुळे लाथ जितकी उंच आणि जितकी स्थिर, तितकी टाळी. ते बघायला सुंदर असतं, त्यामागे अफाट मेहनत असते, आणि मुलांना त्याची ओढ लागते यात काही वाईट नाही. मी फक्त स्पर्धेच्या महिन्यातही एक दिवस असा ठेवतो, ज्या दिवशी सगळे भिंतीकडे तोंड करून पॅटर्न करतात. कुणी कुणाला बघत नाही, मीही बघत नाही.

को-दांग

एक पॅटर्न मात्र आता बहुतेक वर्गांत शिकवला जात नाही. 'को-दांग' हे चो मान-शिक यांचं टोपणनाव. टोकियोत कायदा शिकताना त्यांना गांधीजींच्या विचारांची ओळख झाली. परत येऊन १९२० मध्ये त्यांनी प्योंगयांगमध्ये देशी माल वापरण्याची चळवळ उभी केली, आपल्या स्वदेशीसारखी. लोक त्यांना 'कोरियाचे गांधी' म्हणत. १९४५ नंतर उत्तरेत सोव्हिएत सैन्य आलं. त्यांनी पुढे ठेवलेल्या योजनेला चो यांनी मान डोलावली नाही, म्हणून जानेवारी १९४६ मध्ये त्यांना नजरकैदेत टाकलं. दक्षिणेला निघून जायची संधी होती. उत्तरेतली आपली माणसं सोडून जाणार नाही, म्हणाले. १९५० च्या ऑक्टोबरमध्ये, युद्धाच्या धामधुमीत, त्यांना मारलं गेलं असं मानतात.

चोई यांनी त्यांच्या नावाने ३९ हालचालींचा तुल बांधला होता. पुढे दक्षिणेच्या सरकारशी बिनसून चोई १९७२ मध्ये कॅनडाला गेले आणि १९८० मध्ये तायक्वांदो घेऊन उत्तर कोरियात पोचले. त्या दशकात को-दांग वगळला गेला. त्याच्या जागी ४५ हालचालींचा नवा तुल आला, 'जुचे', म्हणजे उत्तर कोरियाच्या सत्तेची अधिकृत विचारसरणी. ज्या राज्यात चो मान-शिक यांचा शेवट झाला, त्याच राज्याचा मंत्र त्यांच्या जागी बसला. चोई यांच्या बाजूने एवढं म्हणता येईल की फाळणी झालेल्या देशाच्या दोन्ही भागांत आपली विद्या पोचावी ही त्यांची तळमळ खरी होती. त्यांच्या शेवटच्या तुलचं नाव 'तोंग-इल', एकीकरण. २००२ मध्ये ते प्योंगयांगमध्येच वारले. तरीही या अदलाबदलीपाशी मी दरवेळी थांबतो. आणि त्यांनीच शिकवलेला योम-ची हा शब्द मला आठवतो.

काही संघटनांनी को-दांगच ठेवला, काही दोन्ही शिकवतात. आमच्या वर्गात दुसऱ्या डानवर, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या दुसऱ्या पायरीवर, असलेल्याकडून मी जुचे नीट करून घेतो, कारण परीक्षेला तोच लागतो आणि त्यातल्या लाथा कठीण आहेत. ते झालं की को-दांगच्या ३९ हालचाली. त्या परीक्षेत कुणी विचारत नाही, त्यासाठी पट्ट्यावर रेघ मिळत नाही. आधी चो मान-शिक कोण होते ते सांगतो, मग फरशीवर फुली काढतो.